चप्पल, 1 जोड, 180 रुपये

बँकेत तीस वर्षं दुसऱ्यांचे ताळेबंद वाचण्यात गेली, त्यामुळे देणगी दिली आणि विसरून गेले, असं मला जमत नाही. विकल्या गेलेल्या, फसवून आणलेल्या, कारखान्यात जुंपलेल्या मुलांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेला दोन वर्षं दरमहा दीड हजार रुपये देते आहे. नाव लिहीत नाही, कारण खाली तक्रारीही आहेत.

सुरुवातच चिडचिडीने झाली. फोन करून म्हटलं, डोंबिवलीहून येते, मुलांना भेटते, खाऊ आणते. पलीकडच्या ताई म्हणाल्या, "काकू, भेट नाही होणार. फोटोही नाही पाठवत आम्ही." मला वाटलं, काहीतरी लपवतायत. मग त्यांनी बाल न्याय कायद्याचं कलम 74 समजावलं. अशा मुलाची ओळख पटेल असं काहीही छापणं, दाखवणं गुन्हा आहे. त्याच्या आदल्याच आठवड्यात दुसऱ्या एका ठिकाणाहून मला मुलीचा फोटो आला होता. डोळ्यांवर काळी पट्टी, पण गणवेशावर शाळेचं नाव स्पष्ट वाचता येत होतं. तिकडे मी एक रुपया दिला नाही.

यांचा तिमाही हिशेब दोन पानांचा असतो, रडवणारं काही नसतं. पहिल्याच हिशेबात एक ओळ होती: "चप्पल, 1 जोड, 180 रुपये, कोर्टाची तारीख." माझी सवय, लगेच विचारलं. बालगृहातल्या चपला सगळ्या एकसारख्या, पट्ट्यावर रंगाने नंबर घातलेला. तो नंबर घेऊन कोर्टाच्या पायऱ्या चढायला एक मुलगी तयार नव्हती, म्हणून नवी जोडी.

सगळ्यात मोठा खर्च मात्र पगार आणि रेल्वेभाड्याचा. मुलीला घरी पाठवण्याआधी ते घर बघावं लागतं. विकणारा घरातलाच निघाला तर? त्यासाठी कार्यकर्ती एका केसमध्ये दोनदा बंगालला जाऊन आली. आमच्या भिशीतल्या बायका म्हणतात, निम्मे पैसे पगारात जातात, मग मुलांना काय मिळतं? अगं, ती पगार घेणारी बाईच मुलांना मिळते! मुंबईच्या कामाठीपुऱ्यात 1988 मध्ये 'प्रेरणा' या संस्थेने वेश्यावस्तीतल्या मुलांसाठी रात्रीचं केंद्र सुरू केलं, तिथेही रात्रभर जागणारं माणूसच लागत होतं. दप्तरं वाटायला देणगीदार सहज मिळतात. कोर्टाच्या तारखेला मुलीसोबत जाणाऱ्या बाईच्या पगाराला कोणी मिळत नाही.

संस्थेचं सगळ्यात चोख काम म्हणजे सरकारी पैशांचा पाठपुरावा. पॉक्सोच्या, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या कायद्याच्या, 2020 च्या नियमांत तातडीच्या मदतीची सोय आहे: जिल्ह्याच्या बाल कल्याण समितीने शिफारस केली की आठवड्याच्या आत पैसे द्यायचे. अत्याचारपीडितांना अर्थसाहाय्य देणारी राज्याची मनोधैर्य योजना 2013 पासून आहे. मिशन वात्सल्य या केंद्राच्या बालसंरक्षण योजनेतून घरी परतलेल्या मुलासाठी महिन्याला 4,000 रुपये मिळू शकतात. पण अर्ज कोणी करायचा, आधार नसेल तर काय, कागद कुठे अडकलाय, हे बघायला माणूस लागतो. माझे दीड हजार तिथे जातात आणि त्यातून लाखाचं काम होतं.

मी बँकवाली हे कळल्यावर त्यांनी एकदा एका मुलीला कोर्टाने दिलेल्या भरपाईच्या मुदत ठेवीसाठी बालगृहाच्या अधीक्षिकाबाईंबरोबर मला एका शाखेत पाठवलं. काउंटरवरच्या मुलाने कोर्टाचा आदेश उघडला आणि मोठ्याने वाचायला लागला, नाव, वय, कलम... मागे पेन्शनवाल्यांची रांग. मी त्या कागदावर तळहातच ठेवला. "मनात वाच रे बाळा." तो बिचारा खरंच ओशाळला. मीही ओशाळले, कारण असे किती आदेश माझ्या शाखेत मोठ्याने वाचले गेले असतील, कोण जाणे.

आणखी एक जमेची बाजू. न्यू जर्सीतला माझा भाचा एक हजार डॉलर पाठवायला निघाला होता. संस्थेने नाही म्हणून कळवलं. त्याने अमेरिकेचं नागरिकत्व घेतलंय, म्हणजे ती परदेशी देणगी झाली, आणि त्यासाठी लागणारी एफसीआरए (परदेशी देणग्यांचा कायदा) नोंदणी यांच्याकडे नाही. भारतीय पासपोर्ट असता तर चाललं असतं. हातात आलेले पैसे नियमासाठी सोडणारी संस्था मी पहिल्यांदा पाहिली. (भाचा रुसलाय.)

आता तक्रारी. व्हॉट्सॲपवर "वाढदिवसाचं जेवण प्रायोजित करा" असे निरोप येतात, तेही थेट रात्री दहाला. हिशेब इतका सरळ ठेवणाऱ्यांना हे शोभत नाही. अठरा वर्षांनंतर मुलींचं काय होतं, यावर अहवालात एक ओळ नसते. विचारलं की "प्रयत्न चालू आहेत". आणि देणगीवरच्या आयकराच्या 80जी सवलतीसाठी लागणारा 10बीई नावाचा दाखला! 31 मेपर्यंत द्यायचा असतो. गेल्या वर्षी जुलैत आला, तोही पॅन चुकवून. सीएने मलाच झापलं.

पाचपैकी चार तारे. एप्रिलपासून रक्कम दोन हजार केली आहे. आज 9 जून, 10बीई अजून आलेला नाही. उद्या सकाळी परत फोन करते.