मीटरवर 4,300 तास, इंजिनच्या नोंदीत 11,860

जुनी पोकलेन लिलावात घेताना माझी फसवणूक झाली. पैसे परत मिळण्याची आशा मी सोडून दिली आहे, परंतु ती कशी झाली हे जुने यंत्र घ्यायला निघालेल्यांना कळावे, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे. मी या धंद्यात अगदीच नवखा नव्हतो. याआधी दोन यंत्रे मी थेट मालकांकडून घेतली होती. लिलावाची मात्र ही पहिलीच वेळ होती.

यंत्र 20 टन वर्गातले होते. लिलावाच्या यादीत त्यापुढे ‘मीटरवर दिसणारे तास : 4,300’ असे छापले होते. यंत्र तेवढेच तास चालले आहे, असे त्यात कोठेही म्हटलेले नव्हते, आणि ‘दिसणारे’ हा शब्द तेथे कोणाच्या सोयीसाठी घातला आहे, याचा विचार मी केला नाही.

पाहणीच्या दिवशी मी प्रथम यंत्राचा 17 अक्षरी ओळख क्रमांक पाहिला. पाटीवरचा आणि चॅसिसवर कोरलेला क्रमांक तंतोतंत जुळला, आणि तेथेच मी निम्मा गाफील झालो. ट्रॅकच्या साखळ्या नव्या होत्या, त्या फिरवणाऱ्या दातेरी चाकाचे, म्हणजे स्प्रॉकेटचे, दात भरीव होते. पोकलेनच्या देखभालीचा मोठा खर्च याच खालच्या भागावर होतो, त्यामुळे तो नवा पाहून मला आनंदच झाला. ज्या यंत्राच्या साखळ्या एवढ्यात बदलाव्या लागल्या, ते खरोखर किती चालले असेल, हा प्रश्न मला पडायला हवा होता. केबिनमध्ये सीटचे कव्हर आणि पेडलांचे रबर कोरे होते; पेडलांपुढचा पत्रा मात्र टाचांनी घासून आरशासारखा चकचकीत झालेला होता. तो मी पाहिला, आणि तरीही पाहिला नाही.

बॉनेटवर हात ठेवला तेव्हा ते गरम लागले. यार्डातला माणूस म्हणाला, “साहेब, आत्ताच जागेवरून हलवले, म्हणून तापले आहे.” किल्ली फिरवताच इंजिन सुरू झाले. बूम, म्हणजे यंत्राचा मोठा हात, वर गेला, वरचा भाग गोल फिरला (स्विंग झाला), बकेट उघडली आणि मिटली. त्यानंतर मी बूम-बकेट हलवणाऱ्या तेलाच्या, म्हणजे हायड्रॉलिक, टाकीलाही सहज हात लावला होता आणि ती गार होती, हे मला कित्येक दिवसांनी आठवले. इंजिन गरम आणि टाकी गार, याचा अर्थ यंत्राकडून काम करून घेतलेले नव्हते, ते नुसते आयडलवर उभे ठेवून तापवलेले होते. झिजलेले इंजिन थंड असताना सुरू व्हायला कुरकुर करते, तर झिजलेला पंप तेल तापून पातळ झाल्यावरच आपले दुखणे उघड करतो. मला दोन्ही गोष्टी नेमक्या उलट्या अवस्थेत दाखवल्या गेल्या, आणि ज्याने हे जमवले त्याला यंत्राची जाण माझ्यापेक्षा अधिक होती, हे मान्य करावे लागते.

बोलीच्या वेळी एका बोलीदाराचा क्रमांक शेवटपर्यंत माझ्या मागे होता आणि मी ठरवलेल्या मर्यादेच्या बराच पुढे गेलो. तोच क्रमांक पुढे त्याच विक्रेत्याच्या आणखी दोन यंत्रांवर बोली चढवताना दिसला. दोन्ही वेळा यंत्र दुसऱ्यालाच गेले. माझ्याकडे पुरावा नाही, म्हणून याबद्दल अधिक लिहीत नाही.

कामावर आणल्यानंतर पहिल्याच सकाळी यंत्र सुरू होईना. दुपारपर्यंत तेल तापले आणि बूम हळू, जोर नसल्यासारखा उचलला जाऊ लागला. फिटरने चालू इंजिनवर तेल भरण्याचे झाकण उघडताच आतून धुराचे भपके येऊ लागले, म्हणजे इंजिन आतून झिजलेले होते. त्याने लॅपटॉप जोडला, तर इंजिनच्या कंट्रोलरमधली, म्हणजे ते चालवणाऱ्या छोट्या संगणकातली, नोंद 11,860 तासांची निघाली. केबिनमधला डिस्प्ले दुसऱ्या एखाद्या यंत्राचा काढून बसवलेला होता. इंजिनचा कंट्रोलर बहुधा स्वतःचे तास वेगळे मोजतो, आणि डिस्प्ले बदलणाऱ्याने तिकडे हात लावलेला नव्हता. जुन्या यांत्रिक मीटरच्या यंत्रांत अशी पडताळणी करता येत नाही. तेथे पिना, बुश आणि स्विंग बेअरिंगमधली ढिलाई पाहूनच अंदाज बांधावा लागतो.

तक्रार केली तेव्हा लिलाव करणाऱ्यांनी अटींमधले ‘आहे त्या स्थितीत, आहे त्या ठिकाणी’ हे कलम पुढे केले. विक्रेत्याने दिलेली माहिती आम्ही जशीच्या तशी छापतो, असे त्यांचे लेखी उत्तर आले. त्या अटींवर सही माझीच होती.

पंप दुरुस्त करून वर्षभर यंत्र चालवले आणि नंतर दुसऱ्या एका लिलावात विकायला ठेवले. अर्जात मी मीटरचे आणि कंट्रोलरचे, दोन्ही तास लिहिले. तेथल्या कारकुनाने दुसरा आकडा लिहिलाच पाहिजे का, असे दोनदा विचारले. पाहणीच्या दिवशी एक तरुण सकाळी लवकर आला, त्याने बॉनेटवर हात ठेवला आणि मग टाकीवर. दोन्ही गार होते. तिसऱ्या प्रयत्नाला इंजिन सुरू झाले, निळसर धूर निघाला. तो अर्धा तास यंत्र चालवत राहिला, खाली उतरला, तेलाच्या झाकणाकडे पाहत त्याने काही आकडे लिहून घेतले, आणि बोलीच्या दिवशी माझ्या अपेक्षेपेक्षा बरेच कमी देऊन ते यंत्र घेऊन गेला.