लाइट जाणार हे सांगायचं कुठं: एसएमएस, ग्रुप की फळा?

सोसायटीच्या कमिटीत नवीन आलात की पार्किंगच्या भांडणानंतर दुसरा विषय हमखास हाच येतो, "आज शटडाऊन आहे हे आम्हाला कुणी सांगितलंच नाही." हे लिहितोय ते अशा नवीन कमिटीवाल्यांसाठी. अचानक जाणाऱ्या लाइटबद्दल नाही, फांदी पडली किंवा रस्ता खोदताना कुणी केबल तोडली तर आधी कोण काय सांगणार. ठरवून बंद ठेवतात ना, पावसाळ्याआधी फांद्या छाटायला, जंपर, म्हणजे खांबावर तारा जोडणारे वायरचे तुकडे, टाइट करायला, ट्रान्सफॉर्मरचं ऑइल बघायला, त्याबद्दल. पुण्यात आणि आजूबाजूला ही कामं बरीचशी गुरुवारी निघतात, म्हणून काही घरांत बुधवारी रात्रीच मिक्सर फिरायला लागतात. पण प्रत्येक गुरुवारी जाते असं नाही, आणि गेली तरी आपल्याच विंगची जाईल असंही नाही, खरी गोची तिथंच आहे.

आमच्याकडं तीन विंग, बहुतेक टू बीएचके, निम्मे भाडेकरू, जनरेटर नाही. मी कमिटीत असताना हे तिन्ही प्रकार वापरून झाले, त्यामुळं जे सांगतोय ते आमच्या गेटच्या आतलं आहे, दहा टॉवरच्या टाउनशिपला जसंच्या तसं लागू होईल असा माझा दावा नाही. पेपरातली सूचना मी यात धरलीच नाही, त्यात अख्ख्या उपनगराची नावं असतात आणि आपली गल्ली त्यात बसते का हे शोधेपर्यंत लाइट गेलेली असते.

आधी एसएमएस. खरं तर मूळ बातमी इथूनच येते, बाकी दोन्ही जागी आपण तीच पुढं ढकलतो. याचा मोठा गुण म्हणजे तो एरियावर नाही, मीटरवर येतो. आमची ए आणि बी विंग एका ट्रान्सफॉर्मरवर, सी विंग दुसऱ्या, त्यामुळं "तुमच्याकडं आहे का हो लाइट?" हा प्रश्न आमच्या पॅसेजमध्ये कायमचा. एसएमएस आला तर तो ज्याची जाणार त्यालाच येतो. महावितरणचं कनेक्शन असेल तर नंबर जोडणं सोपं आहे, एमआरईजी ही इंग्रजी अक्षरं, स्पेस, मग बारा आकडी ग्राहक क्रमांक, हे ९९३०३९९३०३ वर पाठवायचं. आणि हे काही उपकार नाहीत बरं का, २०२० साली केंद्र सरकारने वीज ग्राहकांच्या हक्कांचे नियम काढले त्यात ठरवून केलेल्या बंदची माहिती ग्राहकाला द्यायची असं लिहिलेलंच आहे, तेव्हा मेसेज येत नसेल तर विचारायला लाजू नका.

पण एसएमएस जातो कुणाला? ज्याचा नंबर जोडलाय त्याला. म्हणजे भाड्याच्या फ्लॅटचा मेसेज सोलापूरला बसलेल्या मालकाला, आणि मालक तो वाचून कशाला भाडेकरूला कळवेल. त्याहून भारी गोष्ट आमच्या कॉमन मीटरची, म्हणजे लिफ्ट, पंप, जिन्यातले दिवे ज्याच्यावर आहेत तो. त्याला नंबर जोडलेला होता एका माजी चेअरमनचा, आणि ते मुलीकडं टोरांटोला. गृहस्थ इतके सज्जन की मेसेज आला की लगेच आम्हाला फॉरवर्ड करायचे, फक्त त्यांची सकाळ म्हणजे आपली संध्याकाळ, त्यामुळं आज दहा ते दोन लाइट नव्हती हे आम्हाला पाच-सहा वाजता अधिकृतरीत्या कळायचं. तुम्ही चार्ज घेतलात की बाकी काही करा न करा, कॉमन मीटरचं बिल काढा आणि त्यावर कुणाचा मोबाइल आहे ते आधी बघा.

आता व्हॉट्सॲप ग्रुप. याच्या बाजूनं बोलण्यासारखं पुष्कळ आहे आणि मी ते मोकळेपणानं मान्य करतो. ऑफिसला गेलेल्याला कळतं, मुलाची ऑनलाइन परीक्षा असेल तर तो आदल्या दिवशीच मावशीकडं जायचं ठरवू शकतो, फ्लॅट बंद करून गावी गेलेला माणूस शेजाऱ्याला फ्रिज बघायला सांगू शकतो. खर्च शून्य. गुड मॉर्निंगच्या फुलांत निरोप बुडतो ही तक्रार सगळे करतात, पण त्याला इलाज आहे, फक्त ॲडमिनला लिहिता येईल असा वेगळा ग्रुप करायचा, आम्ही केला, आणि तेवढा प्रश्न सुटलाही.

माझं मन उडालं ते दुसऱ्याच कारणानं, आणि यावर जरा जास्त लिहितो कारण माझ्यासाठी निकाल इथंच लागला. ग्रुपवरचा निरोप बिनतारखेचा असतो. "उद्या सकाळी १० ते २ लाइट नाही, पाणी भरून ठेवा." बस, एवढंच. लिहिणाऱ्याच्या डोक्यात तारीख असते, त्या दिवशी वाचणाऱ्यालाही कळतं. मग हा मेसेज महिला मंडळाच्या ग्रुपवर जातो, तिथून शेजारच्या सोसायटीत, तिथून कुणाच्या तरी फॅमिली ग्रुपवर, आणि दोन दिवसांनी फिरून परत आपल्याकडं येतो, तोच मजकूर, तेच "उद्या", फक्त वर फॉरवर्डेडची खूण. त्यात आमच्याकडं भर अशी पडली की मूळ काम होतं गुरुवारचं, ते झालंही, आणि शुक्रवारी रात्री कुणीतरी काळजीपोटी तोच मेसेज सगळ्यांच्या जुन्या ग्रुपवर परत टाकला. शनिवारी पहाटे पाचला पंप सुरू, टाकी वाहून पाणी जिन्यात, बादल्या भरलेल्या, आणि लाइट दिवसभर छान चालू.

हे हसण्यावारी नेता आलं असतं. पण तळमजल्यावर एका आजोबांना ऑक्सिजनचं मशीन चोवीस तास लावलेलं होतं, लाइटवर चालणारं. त्यांच्या सुनेनं तो मेसेज खरा धरून रात्रीच डिपॉझिट भरून सिलिंडर आणवला, टेम्पोचं भाडं वेगळं, सकाळी लाइट जाईना म्हणून बिचारी मला विचारायला आली. पैशाचं एक जाऊ द्या. नंतरच्या खऱ्या शटडाऊनचा मेसेज त्याच ग्रुपवर आला तेव्हा तिनं त्याच्याखाली विचारलं, "हे नक्की का?" आणि खाली चार जणांची चार उत्तरं. चौघांनाही एसएमएस आलेला नव्हता, प्रत्येकानं आपापल्या दुसऱ्या कुठल्या तरी ग्रुपवर वाचलेलं. मूळ मेसेज टाकणाऱ्यानं डिलीट केला तरी पुढं गेलेला कोण डिलीट करणार? आणि काम रद्द झालं तर "रद्द" हा निरोप पहिल्याच्या निम्म्या लांबपर्यंतसुद्धा जात नाही, लोकांना तो पुढं ढकलण्यात रस नसतो.

फळ्याचं नाव काढलं तेव्हा मिटिंगमध्ये तरुण मंडळी हसली होती. साधा हिरवा फळा, तीन बाय दोनचा, ए आणि बी विंगच्या लिफ्टच्या मधल्या भिंतीवर आणि एक सी विंगला. त्यावर वरती ऑइल पेंटनं कायमचं रंगवून घेतलंय: वार, तारीख, किती ते किती, कुठली विंग. खाली मोकळी जागा. खडूनं भरायची. म्हणजे "गुरुवार, ५ जून, १० ते २, ए आणि बी". तारखेची जागा आधीच आखलेली असल्यामुळं ती रिकामी ठेवून चालतच नाही, रिकामी दिसली की पहिला जाणारा वॉचमनला विचारतो. आणि फळा कुणी फॉरवर्ड करू शकत नाही हो. तो भिंतीवरच राहतो, आणि काम झालं की पुसला जातो, पुसला म्हणजे संपलं.

दुसरा फायदा मला नंतर कळला. दिलेली वेळ म्हणजे अंदाज असतो. वायरमनला आधी सबस्टेशनकडून परमिट घ्यावं लागतं, तिकडं फीडर, म्हणजे आपल्या भागाला वीज आणणारी लाइन, बंद होतो, इकडं लाइनला अर्थिंग टाकतात, म्हणजे चुकून वीज आलीच तर ती जमिनीत जावी, मग माणूस खांबावर चढतो, आणि काम संपल्यावर हे सगळं उलट्या क्रमानं. यातली एक पायरी लांबली की दोनचे चार होतात, आणि ती घाई करण्याची जागाही नाही, वर माणूस असतो. आमचा ट्रान्सफॉर्मर गेटला लागूनच आहे, त्यामुळं काम किती राहिलंय हे अख्ख्या सोसायटीत सगळ्यात आधी आमच्या वॉचमनकाकांना कळतं. ते वायरमनला चहा देतात, विचारतात, येऊन फळ्यावरचा २ अंगठ्यानं पुसतात आणि ४ लिहितात. ग्रुपवर हेच करायचं तर जुनी वेळ वरती तशीच, नवी खाली, मध्ये सतरा "ओके" आणि थम्ब्स अप, आणि अर्धे लोक जुनीच वाचून लिफ्टपाशी येऊन उभे. उलटंही होतं, काम लवकर उरकतं आणि लाइट वेळेआधी येते, म्हणून "चारपर्यंत नाहीच आहे ना" म्हणून कुणी घरातलं वायरिंग उघडून बसू नये, हे एक वाक्य आम्ही फळ्याच्या तळाशी रंगवूनच टाकलंय.

फळ्याचे तोटे आहेत, नाही कसं म्हणू. दिवसभर बाहेर असलेल्याला तो दिसत नाही. जिन्यानं जाणारा पहिल्या मजल्यावरचा माणूस तिकडं बघत नाही. वॉचमन बदलला की नव्याला शिकवा. आणि सगळ्यात मोठं म्हणजे फळ्याला बातमी आणून द्यायला कुणीतरी लागतं, म्हणजे फिरून पुन्हा एसएमएस आलाच, त्याशिवाय फळा म्हणजे नुसती भिंत.

त्यामुळं तुम्ही ठरवताना असं बघा. घरमालक स्वतःच राहतात, सगळ्यांचे नंबर मीटरला जोडलेले आहेत, तर एसएमएस पुरेल, बाकी खटाटोप करूच नका. बिल्डिंगा फार, गेट चार-पाच, लोक दिवसभर बाहेर, तर ग्रुपशिवाय भागणार नाही, फक्त नियम करा की वार आणि तारीख नसलेला लाइटचा मेसेज ॲडमिनने लगेच काढायचा, पाळला जातो का ते तुमचं तुम्ही बघा, आमच्याकडं पंधरवडाभर पाळला गेला. आमच्यासारखी मध्यम सोसायटी असेल, भाडेकरू जास्त, म्हातारी माणसं घरी, तर मी आपला फळ्याकडं झुकेन. ग्रुप बंद करा असं मी म्हणत नाहीये. आम्ही आता ग्रुपवर काही टाइपच करत नाही, वॉचमनकाका फळा लिहितात, सेक्रेटरी त्याचा फोटो काढून टाकतात. फोटो जगभर फिरला तरी तारीख आणि विंग त्याच्यातच असते, महिन्यानंतर कुणी परत टाकला तरी बघणाऱ्याला कळतं की हे जुनं आहे.

कॉमन मीटरवर आता सेक्रेटरींचा नंबर आहे, पदाधिकारी बदलले की चार्ज देतानाच तो बदलून घ्यायचा असा ठराव केलाय. एसएमएसबद्दल शंका असली तर १९१२ ला फोन लावून खात्री करायची आणि मगच फळ्यावर लिहायचं. ऑक्सिजनवाल्या घरी मात्र फळा नाही, ग्रुप नाही, काका जाऊन बेल वाजवतात. फळा लावाल तर गेटवर लावू नका, गाडीवरून जाताना कुणी वाचत नाही, लिफ्टपाशी लावा, तिथं माणूस वाट बघत उभा असतो आणि समोर जे असेल ते वाचतो. आणि खडू वॉचमनच्या ड्रॉवरमध्ये ठेवा, फळ्याखाली ठेवलेला आमच्या पोरांनी पहिल्याच दिवशी पळवून पार्किंगमध्ये क्रिकेटचे स्टंप काढले.