संयुक्त शाळा अनुदान : पंच्याहत्तर हजारांत बाहेरगावाहून आलेल्या पोरांसाठी काय काय आलं

पाचपैकी साडेतीन तारे. सरकारी अनुदानाला कुणी तारे देतं का, असं आमच्या शाळेच्या मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, विचारलं. मिक्सरला देतात, पावभाजीला देतात, मग ज्यावर तीनशे पोरांच्या शाळेचं वर्ष निघतं त्याला का नाही?

मानखुर्दला माझं झेरॉक्स-स्टेशनरीचं दुकान आहे. मुलगा महापालिकेच्या मराठी शाळेत सहावीला आहे आणि मी तिथल्या शाळा व्यवस्थापन समितीची अध्यक्ष आहे. शिक्षण हक्क कायद्याने या समितीत तीन चतुर्थांश पालक लागतात आणि निम्म्या बायका लागतात, म्हणून आमच्यासारख्यांपर्यंत ही खुर्ची पोचते. खुर्चीबरोबर अनुदानाच्या हिशेबावर सही करायची पाळीही येते. मी दुकानदार बाई. पैसा कुठून आला, कुठे गेला आणि माल कसा निघाला, हे बघितल्याशिवाय माझी सही उठत नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. २०१८ साली तीन जुन्या योजना एकत्र करून समग्र शिक्षा सुरू झाली. महाराष्ट्रात त्यात केंद्राचा वाटा ६० टक्के, राज्याचा ४०. त्यातून सरकारी शाळांना दरवर्षी हे संयुक्त अनुदान मिळतं आणि ते पटावर ठरतं. ३० पर्यंत मुलं असली तर १० हजार, १०० पर्यंत २५ हजार, २५० पर्यंत ५० हजार, हजारापर्यंत ७५ हजार आणि त्यापुढे एक लाख. वीजबिल, इंटरनेट, पाणी, नादुरुस्त वस्तू बदलणं, खेळाचं सामान, किरकोळ डागडुजी, शैक्षणिक साहित्य, सगळं यातूनच. निदान दहा टक्के स्वच्छतेवर घालायचे.

आमचा पट तीनशेच्या थोडा वर, म्हणजे ७५ हजार. मुलामागे अडीचशेच्या आत. पण ९५० पटाच्या शाळेलाही तेवढेच ७५ हजार, तिथे मुलामागे ७९ रुपये पडतात. आणि २५० च्या पटात एक पोर वाढलं की एकदम २५ हजार वाढतात. बाहेरगावाहून आलेलं मूल म्हणजे शाळेला बोजा, असं म्हणणाऱ्यांनी हा तक्ता एकदा बघावा. आमच्या मराठी शाळेचा पट टिकलाय तो अशाच पोरांवर. मराठी घरांतली निम्मी मुलं कधीच इंग्रजीकडे गेली, आमच्या चाळीतलीही.

नवीन येतात कोण? बांधकामावर येणारी कर्नाटकातल्या कलबुर्गी, यादगीरकडची कुटुंबं, घरात लमाणी बोलणारी. तेलंगणातल्या महबूबनगरकडची. जालना, बीडकडची आपली माणसं आहेतच. आणि सोसायट्यांच्या वॉचमनची नेपाळी घरं, ती हल्ली बायकामुलांसकट येतात. मुंबई महापालिका आठ माध्यमांत शाळा चालवते, त्यांत कन्नड आणि तेलुगूही आहेत, पण हव्या त्या नाक्यावर ती शाळा नसते. सहा वर्षांच्या पोराला बस बदलून पाठवणार कोण? मग जवळची शाळा ती आपली, आणि ती निघते मराठी. नेपाळी माध्यमाचा तर प्रश्नच नाही.

अनुदानात ‘नव्याने आलेल्यांसाठी’ असा वेगळा रकाना नाही. म्हणून बैठकीत आधीच ठराव घातला : स्वच्छतेचे साडेसात हजार बाजूला, वीज-पाण्याचे बाजूला आणि ‘शैक्षणिक साहित्य’ या नावाखाली पंधरा हजार फक्त या मुलांसाठी. एक सभासद म्हणाले, “आपल्या पोरांचं काय?” मोठ्या बाई शांतपणे म्हणाल्या, “दादा, हजेरीपटावर आहेत ती सगळी आपलीच.” पुढे कोणी बोललं नाही. दादांनीच मग अनुमोदन दिलं.

आता माल.

सगळ्यांत वसूल ठरली ती गेटावरची पाटी. सनबोर्डवर रंगीत छपाई, तीन बाय चार फूट, मराठी, हिंदी, कन्नड, तेलुगू आणि नेपाळीत. मजकूर अगदी साधा. जन्माचा दाखला नसला तरी प्रवेश मिळेल. जुन्या शाळेचा दाखला यायचा असला तरी प्रवेश मिळेल. वयाप्रमाणे वर्ग मिळेल. फी नाही. दुपारचं जेवण शाळेत. कार्यालयाची वेळ अमुक. यातलं काहीच आम्ही पदरचं घातलेलं नाही, जेवण सरकारी योजनेतलं आणि प्रवेशाचं, वर्गाचं, फीचं सगळं २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात आहे. कलम १४ म्हणतं, वयाच्या पुराव्यावाचून प्रवेश नाकारायचा नाही. कलम ५ म्हणतं, दाखला उशिरा आला म्हणून अडवायचं नाही. पण कायदा पुस्तकात असतो आणि बाप गेटावर उभा असतो. त्याला आधार कार्डाची धास्ती असते, आत जाऊन विचारायची लाज असते. पाटी लागल्यापासून माणसं तिचा फोटो काढून नेतात आणि नाक्यावर दाखवतात. दोन हजारांच्या आत आली. वॉटरप्रूफ लॅमिनेशन मात्र सांगून करून घ्या. पावसाळ्यात साध्या सनबोर्डच्या कडा फुगतात आणि जुलैपर्यंत अक्षरं सोलून निघतात.

दुसरी खरेदी द्विभाषिक पुस्तिकांची. इथे माझ्या धंद्याचा उपयोग झाला, पण आधीच सांगते, छपाई माझ्या दुकानातून केलेली नाही. अध्यक्षाने स्वतःकडून माल घेतला की उद्या बोट दाखवायला सगळे मोकळे. प्रथम बुक्सचं स्टोरीवीव्हर नावाचं संकेतस्थळ आहे, २०१५ पासून चालू. त्यावर मुलांच्या चित्रकथा भरपूर भाषांत फुकट मिळतात आणि परवाना खुला असल्यामुळे श्रेय छापून त्या उतरवता येतात, बदलता येतात, छापताही येतात. वाचनाचे चार स्तर केलेले आहेत. आम्ही पहिल्या दोन स्तरांच्या कथा घेतल्या, ज्या मराठीतही आहेत आणि कन्नड, तेलुगू किंवा नेपाळीतही. मी रात्री दुकान बंद केल्यावर पानं जुळवली : वर चित्र, खाली मराठी ओळ, तिच्याखाली दुसऱ्या भाषेची ओळ. ए-फोर दुमडून सोळा पानी पुस्तिका, मध्ये दोन पिना. चार कागद दोन्ही बाजूंनी, म्हणजे आठ छाप. घाऊक दरात छापामागे पाच रुपये, एक पुस्तिका चाळीसला पडली. तोच कागद ग्लॉसी घेतला असता तर सत्तर. ग्लॉसी नको. ट्यूबलाइटखाली चमकतो आणि पोरांच्या घामट बोटांचे डाग धरतो. शंभर जीएसएमचा मॅपलिथो, म्हणजे बिनचमकीचा साधा कागद, पुरतो, फक्त मुखपृष्ठ जाड ठेवा.

एक धोका सांगून ठेवते. छापखान्याच्या कम्प्युटरवर कन्नड आणि तेलुगूची अक्षरं फुटतात. जोडाक्षरं सुटी होतात, काना-मात्रा भलतीकडे जाऊन बसतात आणि छापणाऱ्याला काहीच कळत नाही, कारण त्याला ती लिपी येत नाही. आमच्या पहिल्या प्रुफात कन्नडची चटणी झाली होती. पीडीएफमध्ये फॉन्ट एम्बेड करून, म्हणजे फाइलमध्येच बसवून, द्या आणि प्रूफ त्या भाषेच्या आईला दाखवा. आमच्याकडे चौथीतल्या एका मुलीच्या आईने तपासलं. बाई बिगारीकामाला जाते. सुट्टीच्या दिवशी शाळेच्या पायरीवर बसून एकेका ओळीवरून बोट फिरवत होती. तिने दोन चुका काढल्या त्या आमच्या पट्टीच्या डीटीपीवाल्यालाही सापडल्या नसत्या. लमाणी बोलणारी असून कन्नड वाचते, आणि आता मराठीही. आम्ही शिकलेल्या बायका दीड भाषेवर आयुष्य काढतो.

नेपाळी पोरांचं वेगळंच. त्यांची लिपी देवनागरीच, त्यामुळे पुस्तिका हातात पडल्या पडल्या ती मराठी ओळ घडाघडा वाचतात. अर्थ कळत नाही, पण वाचतात. वर्गातल्या इतरांना वाटतं याला मराठी येतं, आणि बाईंनाही काही दिवस तसंच वाटत राहतं. खालची नेपाळी ओळ त्यामुळे फार कामाची. वाचणं आणि समजणं यांतलं अंतर बाईंना तिथे लगेच दिसतं.

चित्रकार्डं, अंक-मणी, खेळ हे अब्दुल रहमान स्ट्रीटवरून घेतले. क्रॉफर्ड मार्केटच्या बाजूने आत शिरा, सकाळी अकराच्या आधी. दुपारनंतर हातगाडीवाल्यांत पाय ठेवायला जागा नसते. माल चांगला, भाव ठीक, घासाघीस चालते. अडचण बिलाची. तीन दरपत्रकं लागतात, पक्कं जीएसटी बिल लागतं आणि पैसे रोख देता येत नाहीत. हल्ली शाळेचं खातं शून्य शिलकीचं असतं, मंजूर मर्यादेतून पैसे पीएफएमएस या सरकारच्या ऑनलाइन प्रणालीतून थेट विकणाऱ्याच्या खात्यात जातात. रोखीत होणारी चोरी त्यामुळे थांबते, हे मला पटतं. पण सगळ्यांत स्वस्त विकणारा त्या कागदांना भीत असतो. “ताई, इतना कागज मत करो, माल ऐसे ही ले जाओ,” असं एकाने हात जोडून सांगितलं. फ्लोरा फाउंटनच्या फुटपाथवर चित्रांची सुंदर जुनी पुस्तकं तीस-चाळीसला मिळतात, ती या पैशातून घेता येत नाहीत. मी स्वतःच्या पैशाने थोडी घेतली. डेडस्टॉकला, म्हणजे शाळेच्या सामानाच्या वहीत, नोंद नको म्हणून मोठ्या बाईंनी ती ‘भेट’ दाखवली.

न घेण्यासारखी एकच वस्तू सांगते. शाळांतून फिरणारे विक्रेते ‘बहुभाषिक किट’ म्हणून एक पेटी दाखवतात. चकचकीत डबा, बोलणारं पेन, नऊ-दहा हजार किंमत. आम्ही घ्यायच्या आधी उघडून बघितली. इंग्रजी आणि हिंदी सोडून बाकी भाषांत दहा-दहा शब्द, त्यांतही सफरचंद आणि विमान. कन्नड म्हणून जे पेन बोललं ते ऐकून पुस्तिका तपासणाऱ्या त्याच आईला हसू आवरेना. पेटी परत.

आता कापलेले दीड तारे.

अर्धा तारा वेळेचा. शाळा जूनमध्ये भरते आणि मर्यादा खात्यावर दिसते तोवर हिवाळा सरत आलेला असतो, पुढे ३१ मार्चला न वापरलेली रक्कम जाते. मग फेब्रुवारी-मार्चात सगळ्या शाळा एकदम बाजारात. कुठे अडतं ते मी शोधत बसले नाही. तोवर काही कुटुंबं काम संपवून गावाला किंवा दुसऱ्या साइटवर गेलेली असतात. शिवाय पट मोजला जातो तो आधीच्या नोंदीवरून, दिवाळीनंतर आलेलं पोर त्या हिशेबात नसतंच.

अख्खा तारा माणसासाठी. या अनुदानातून कागद येतो, खडू येतो, नळाची तोटी येते, पण मानधन देता येत नाही. वर्गात कन्नड किंवा नेपाळी येणारं एक माणूस आठवड्यातून दोन दिवस बसलं तर पंधरा हजारांच्या साहित्यापेक्षा जास्त काम होईल. पुस्तिका तपासणाऱ्या त्या बाईंना आम्ही विचारलं. त्या म्हणाल्या, “ताई, एक खाडा म्हणजे एक दिवसाची हाजरी गेली.” त्यांना आम्ही चहाशिवाय काही देऊ शकलो नाही. वयानुरूप वर्गात बसवलेल्या मुलाला विशेष प्रशिक्षणाचा हक्क कायद्याच्या कलम ४ मध्ये आहे. समग्र शिक्षेत त्यासाठी, निवासी नसेल तर, मुलामागे वर्षाला सहा हजारांपर्यंत तरतूदही आहे. पण तो वेगळा प्रस्ताव, वेगळी यादी, आणि त्यात मूल आधी ‘शाळाबाह्य’ म्हणून नोंदलेलं लागतं. गावाला तिसरीत नियमित जाणारी आणि इथे भाषेपायी मुकी झालेली मुलगी त्या यादीत बसत नाही.

शिक्षण हमी कार्डाबद्दलही कुणीतरी विचारेलच. स्थलांतर करणाऱ्या कुटुंबातल्या मुलाला आपल्या राज्यात ते देतात, नव्या शाळेने ते बघून त्याला बसवून घ्यायचं. बीड-जालन्याच्या पोरांना उपयोगी. कलबुर्गीच्या पोराकडे ते असणार कुठून? पण आमच्याकडून परत जाणाऱ्यांना आम्ही देतो, आणि सोबत एक पुस्तिकाही. तिथल्या बाईंना निदान कळेल की मधल्या काळात पोरगी काय वाचत होती.

तुमच्या समितीत करायचं असेल तर ठराव जूनच्या पहिल्या बैठकीतच घाला, पैसा आलेला नसला तरी. दरपत्रकं दिवाळीआधी गोळा करून ठेवा. उपयोगिता प्रमाणपत्राची, म्हणजे पैसा कुठे लागला त्या दाखल्याची, वही बिलं येतील तशी भरत जा. पाटी आधी, पुस्तिका नंतर, खेळ उरल्या पैशात. आमच्या यंदाच्या यादीत तेलुगूच्या आणखी पुस्तिका आहेत, कारण नव्या टॉवरच्या कामावर महबूबनगरकडची तुकडी आली आहे आणि पहिलीत त्यांची सात पोरं बसली आहेत. तेलुगू प्रूफ वाचणारी आई अजून मिळालेली नाही.