निकालाचे पान पूर्ण हवे : क्लब मोटरस्पोर्टच्या द्वैमासिकाचा वर्षभराचा अनुभव

वर्गणीच्या नूतनीकरणाचा निरोप फोनवर आला तेव्हा मागच्या दोन महिन्यांचा अंक अजून इंदूरला पोहोचलेला नव्हता. ज्या अंकाचे पैसे भरून झाले तो हातात नसताना पुढच्या वर्षाचे १,८०० रुपये मागितले जात आहेत, याचा मला मनापासून राग आला आणि त्या निमित्ताने वर्षभराचे अंक पुन्हा काढून बसले. क्लबांच्या, म्हणजे हौशी लोकांच्या, मोटरस्पोर्टला वाहिलेल्या या द्वैमासिकाचे नाव देत नाही. ज्यांच्या घरी ते येते त्यांना वर्णनावरून ओळखू येईल, आणि इतरांना नावापेक्षा अशा मासिकाकडून काय मागावे हे समजणे अधिक उपयोगाचे आहे. पाने किती, कागद कसा, कोणत्या स्पर्धा त्यात येतात, हे इथल्या बहुतेकांना ठाऊक आहे म्हणून त्यात वेळ घालवत नाही.

मी रॅलीत नॅव्हिगेटर आहे, म्हणजे चालकाशेजारी बसून वाट आणि वेळ सांगणारी. गाडी माझे धाकटे दीर चालवतात. रोडबुक (मार्गाची वही), घड्याळ आणि ट्रिपमीटर (अंतर मोजणारा मीटर) माझ्याकडे असतात. रॅलीच्या दिवशी आमच्यातले बोलणे ‘भाऊजी, चार सेकंद पुढे आहोत, जरा हळू घ्या’ आणि ‘वहिनी, पुढचं वळण सांगा’ एवढ्यापुरतेच असते. आम्ही टीएसडी (टाइम-स्पीड-डिस्टन्स) रॅलीत, म्हणजे आयोजकांनी दिलेली सरासरी बरोबर राखण्याच्या स्पर्धेत, उतरतो. भाऊजी अधूनमधून ऑटोक्रॉसलाही, म्हणजे मोकळ्या आवारात आखलेल्या छोट्या मार्गावर वेळ लावून गाडी चालवण्याच्या स्पर्धेलाही, नाव देतात. गाडी तीच, जी सोमवारी त्यांना कारखान्यावर घेऊन जाते. आमच्यासारख्यांसाठीच हे द्वैमासिक निघते असे त्याच्या पहिल्या पानावर छापलेले असते, तेव्हा अपेक्षाही आमच्या मापाने धरायला हरकत नसावी.

पहिले काही अंक वाचून माझे मत चांगले झाले नव्हते. इरुंगट्टुकोट्टईच्या ट्रॅकवरील राष्ट्रीय शर्यती, कोइंबतूरच्या कारी मोटर स्पीडवेवरील फॉर्म्युला गाड्या, आणि २०११ ते २०१३ या काळात बुद्ध सर्किटवर झालेल्या फॉर्म्युला वन शर्यतींच्या आठवणी यांनीच पुढची निम्मी पाने भरलेली असत. छपाई सुरेख होती, परंतु राष्ट्रीय शर्यतींची छायाचित्रे आम्ही रविवारी रात्रीच मोबाइलवर पाहिलेली असतात आणि काही आठवड्यांनी तीच मोठी करून छापल्याने त्यांत नवे काही येत नाही. जे दुसरीकडे कुठेही मिळत नाही ते छापणे हे अशा मासिकाचे काम आहे, आणि दुसरीकडे कुठेही न मिळणारी पहिली गोष्ट म्हणजे संपूर्ण निकाल.

इथे मी जरा सविस्तर लिहिणार आहे, कारण माझ्या दृष्टीने या मासिकाचे बरेवाईट या एकाच पानावर ठरते. मासिकात प्रत्येक वर्गातले पहिले तिघे छापले जातात, करंडक हातात घेतलेले छायाचित्र येते आणि स्पर्धा संपते. चौथ्या क्रमांकापासून शेवटच्या गाडीपर्यंत जे लोक पहाटे उठून स्क्रूटिनीच्या (गाडीच्या तपासणीच्या) रांगेत उभे राहिले, ज्यांच्या प्रवेशशुल्कावर ती स्पर्धा उभी राहिली, त्यांचा उल्लेख नाही. पण प्रश्न केवळ मानाचा नाही. टीसीगणिक (टीसी म्हणजे टाइम कंट्रोल, वाटेवरचे वेळ नोंदवण्याचे ठिकाण) लवकर किंवा उशिरा पोहोचल्याची पेनल्टी दिलेले पूर्ण पत्रक हे टीएसडी शिकण्याचे सर्वांत चांगले साधन आहे, आणि ते पहिल्या तिघांच्या नावांतून कधीही मिळत नाही.

समजा, सरासरी ताशी ३६ किलोमीटर दिली आहे, म्हणजे एक किलोमीटर बरोबर १०० सेकंदांत कापायचा आहे. गाडीचा ट्रिपमीटर आयोजकांच्या मापापेक्षा एक टक्का जास्त दाखवत असेल, तर आपण प्रत्यक्षापेक्षा पुढे आलो आहोत असे समजून नॅव्हिगेटर चालकाला हळू घ्यायला सांगतो आणि दर किलोमीटरला एक सेकंद उशीर साठत जातो. अशा गाडीच्या ओळीत ६ किलोमीटरवरच्या टीसीला ६, १३ किलोमीटरवरच्या टीसीला १३ आणि २० किलोमीटरवर २० असे आकडे दिसतात. अंतराबरोबर वाढणारी चूक म्हणजे ओडोचे, अर्थात गाडीच्या अंतरमापकाचे, माप चुकले आहे. याउलट पहिल्या दोन टीसींना शून्य आणि मग एकदम २२ असे असेल, तर ते चुकलेले वळण किंवा बंद रेल्वे फाटक. आणि एखाद्या टीसीला सर्वांनाच भरमसाट पेनल्टी असेल, तर आयोजकांचे अंतर किंवा मार्शलचे घड्याळ तपासायला हवे. हे सर्व एका कागदावर दिसते, मात्र त्यासाठी सगळ्या ओळी आणि सगळे रकाने छापलेले असावे लागतात.

आम्हाला याचा लाभ एकदा असाच मिळाला. एका रॅलीनंतर बक्षीस समारंभाच्या दालनाबाहेर भिंतीला चिकटवलेल्या पत्रकाचे छायाचित्र भाऊजींनी घेऊन ठेवले होते. घरी येऊन मी आमची ओळ अंतरासमोर मांडून पाहिली, तर उशीर अगदी एकसारखा वाढत गेलेला. कारण टायर निघाले. नव्या टायरची नक्षी साधारण ८ मिलिमीटर खोल असते. ती झिजून दोन-तीन मिलिमीटरवर आली की चाक थोडे लहान होते, तेवढ्याच अंतरात जास्त फेरे घेते आणि मीटर एक ते दोन टक्के जास्त दाखवू शकतो. मीटरची चूक दुरुस्त करण्याच्या जुन्या गुणकावरच आम्ही नव्या मोसमात उतरलो होतो. तेव्हापासून स्पर्धेच्या सकाळी आयोजकांच्या ओडो-चेकच्या (मीटर तपासण्यासाठी मोजून दिलेल्या) अंतरावर मी गुणक नव्याने काढते, त्यांचे १०.०० आणि आमचे १०.१५ आले, तर पुढे आमच्या प्रत्येक आकड्याला ०.९८५ ने गुणायचे. महागडे रॅलीमीटर विकत घेण्याचा विचार आम्ही त्यानंतर सोडून दिला. जे ज्ञान भिंतीवरच्या कागदाने फुकट दिले ते पैसे भरून घेतलेल्या मासिकाने द्यायला हवे, एवढेच माझे म्हणणे आहे.

निकालाबद्दलची दुसरी तक्रार अधिक बोचणारी आहे. जे तिघे छापतात, त्यांतही पुष्कळदा फक्त चालकाचेच नाव असते. टीएसडी रॅली नॅव्हिगेटरच्या पेन्सिलीवर जिंकली किंवा हरली जाते हे खेळणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे, तरी छापताना डावीकडच्या सीटवर कुणी बसलेलेच नव्हते असे दिसते. ही सवय वरपासून आलेली आहे. रॅलीचालक गौरव गिल यांनी २०१३, २०१६ आणि २०१७ मध्ये आशिया-पॅसिफिक रॅली अजिंक्यपद मिळवले आणि २०१९ मध्ये त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला, हे आपल्यातल्या बहुतेकांना सांगता येईल. त्या वर्षांत त्यांच्या शेजारी बसून पेस नोट्स (पुढच्या वळणांच्या टिपा) कोण वाचत होते, हे फार थोड्यांना सांगता येईल. मोठी वर्तमानपत्रे जागेअभावी एक नाव गाळतात हे समजू शकते, परंतु क्लबच्या खेळाला वाहिलेल्या मासिकाने तसे करू नये.

आता तांत्रिक पानांविषयी, कारण त्यांच्याबद्दलचे माझे मत वर्षाच्या मध्यावर पुष्कळ बदलले. सुरुवातीला ती नियमपुस्तिकेची नक्कल वाटत होती. रोल केजवरच्या (गाडीच्या आतल्या सुरक्षेच्या पोलादी सांगाड्यावरच्या) लेखात मुख्य रोलबारसाठी कोल्ड ड्रॉन सीमलेस, म्हणजे शिवण नसलेला, पाइप हवा, ४५ मिलिमीटर व्यासाला २.५ मिलिमीटर किंवा ५० ला २ मिलिमीटर जाडी हवी, हे एफआयए या आंतरराष्ट्रीय मोटरस्पोर्ट संघटनेच्या नियमातले आकडे बरोबर दिले होते. पण सांवेर रोडवरच्या फॅब्रिकेटरकडे गेल्यावर तो आधी ईआरडब्ल्यू (वेल्डिंगची शिवण असलेला) पाइप पुढे करतो, जो बाहेरून अगदी तसाच दिसतो. कापलेल्या टोकातून बोट आत फिरवले तर पुष्कळदा शिवणीची बारीक उंच रेघ हाताला लागते, आणि ती घासून काढलेली असेल तर टेस्ट सर्टिफिकेट मागण्यावाचून उपाय नसतो. हे लेखात नव्हते, ते आम्हाला तिथल्या एका जुन्या वेल्डरने दाखवले. वाचकाला नियम हवा असतो, तसा तो नियम आपल्या गावात पाळायचा कसा हेही हवे असते.

त्यानंतर ब्रेक ऑइलवरचा दोन पानांचा लेख आला आणि त्याने माझा ग्रह बदलला. खंडवा रस्त्यावरच्या भेरूघाटातून लागोपाठ चढउतार करून सराव केल्यावर आमच्या गाडीचे ब्रेकचे पॅडल मऊ पडत होते, गाडी थंड झाली की परत ठीक होत होते, आणि मेकॅनिक मास्टर सिलिंडर (ब्रेकचा दाब तयार करणारा भाग) बदला म्हणून मागे लागला होता. लेखात असे होते की ब्रेक ऑइल हवेतले पाणी शोषत राहते. डॉट-३ दर्जाचे ऑइल ताजे असताना किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही, पण पाणी शोषल्यावर ही मर्यादा १४० पर्यंत खाली येऊ शकते, तर डॉट-४ साठी हेच आकडे २३० आणि १५५ आहेत. उकळले की वाफेचे बुडबुडे होतात आणि ते दाबले जातात म्हणून पॅडल खाली जाते. आमचे ऑइल कधी बदलले होते हे कुणालाच आठवत नव्हते. डॉट-४ ची बाटली आणली, चारही चाके ब्लीड केली, म्हणजे जुने ऑइल आणि बुडबुडे काढून टाकले, आणि पॅडल जागेवर आले. मास्टर सिलिंडरचा खर्च वाचला तो वर्षाच्या वर्गणीपेक्षा अधिक होता, हे प्रामाणिकपणे नोंदवले पाहिजे.

असेच लेख स्पर्धा भरवण्याविषयी हवेत. आमच्यापासून जवळ पीथमपूरला नॅट्रॅक्स हे वाहनचाचणी केंद्र आहे, तिथल्या ११.३ किलोमीटरच्या वेगवान ट्रॅकवर मासिकाने चकचकीत लेख छापला, २०२१ मध्ये तो सुरू झाल्याचे सांगितले, तिथे गाड्या किती वेगाने धावतात तेही लिहिले. एखाद्या लहान क्लबला अशा आवारातला डांबरी चौक एका रविवारपुरता ऑटोक्रॉससाठी मागायचा असेल, तर अर्ज कुणाकडे करावा, भाडे, विमा, रुग्णवाहिका आणि अग्निशामक यांचा खर्च किती धरावा, याबद्दल एक ओळही नव्हती. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १८९ नुसार राज्य सरकारच्या लेखी संमतीशिवाय सार्वजनिक जागी शर्यत लावणे वा तीत भाग घेणे हा गुन्हा आहे, आणि म्हणूनच खुल्या रस्त्यावर आपण वेगाऐवजी ठरलेली सरासरी राखण्याचा खेळ खेळतो. जागेची परवानगी हाच इंदूरसारख्या शहरात या खेळाचा खरा अडथळा आहे. एखाद्या क्लबने तो कसा ओलांडला, कुठल्या टेबलावर किती दिवस गेले आणि शेवटी हिशेब जमला की तोटा आला, हे कुणी मोकळेपणाने छापले तर मी तो अंक जपून ठेवीन.

स्पर्धांच्या वेळापत्रकाबद्दल फार लिहीत नाही. अंक हाती येतो तोवर निम्म्या स्पर्धांची प्रवेशाची मुदत संपलेली असते, तेव्हा ते पान काढून टाकले तरी चालेल.

सेवेचा अनुभव मात्र लिहायलाच हवा. माझे दोन अंक आले नाहीत. चौकशी केली तर ‘पोहोचवला’ असे उत्तर, मग पैसे भरल्याची पावती पाठवा, मग तीच पावती पुन्हा पाठवा. शेवटी कॉलनीतल्या दुसऱ्या गल्लीतून एक आजोबा अंक घेऊन आले, तेव्हा पाकिटावरचे लेबल पाहून उलगडा झाला : पत्त्याची दुसरी ओळ मध्येच तुटत होती आणि घरक्रमांक आला तरी गल्लीचा क्रमांक छापलाच जात नव्हता. लेबलचे छायाचित्र पाठवूनही पुढचा अंक तसाच आला, आणि भरपाई म्हणून माझ्याकडे आधीच असलेल्या जुन्या अंकाची आणखी एक प्रत आली. वर्गणीदारांचे काम पाहणाऱ्यांनी लेबल एकदा डोळ्यांखालून घातले असते, तर दोन्ही बाजूंचा टपालखर्च वाचला असता.

नूतनीकरणाच्या निरोपाला मी जे लांबलचक उत्तर लिहिले, त्याची दखल संपादकीय विभागाने घेतली याचे मला समाधान वाटले. तिथल्या एका गृहस्थांनी फोन केला, लेबलबद्दल क्षमा मागितली आणि निकालांबद्दल बराच वेळ ऐकून घेतले. चारच दिवसांत अडकलेला अंक कुरिअरने आला आणि त्यात एका रॅलीचे टीसीगणिक पूर्ण पत्रक, चालक आणि नॅव्हिगेटर दोघांच्याही नावांसह, बारीक टाइपात चार पानांवर छापलेले होते. म्हणजे माझ्या पत्राआधीच त्यांनी ते सुरू केले होते. ती चार पाने आम्ही दोघांनी रात्री उशिरापर्यंत पेन्सिल घेऊन वाचली. म्हणून वर्गणी भरली आहे, मात्र एका वर्षाचीच. तीन वर्षांच्या योजनेत सवलत चांगली असली तरी पत्त्याची ओळ नीट छापलेली पाहिल्याशिवाय मी ती घेणार नाही.

फोनवर त्यांनी जे सांगितले ते क्लब चालवणाऱ्यांनी ऐकण्यासारखे आहे. बहुतेक आयोजक त्यांच्याकडे फक्त बक्षिसांची यादी पाठवतात, किंवा भिंतीवरच्या पत्रकाचा तिरका काढलेला फोटो, ज्यातले आकडे वाचता येत नाहीत, आणि नॅव्हिगेटरचा रकाना तर प्रवेशअर्जावरून पत्रकात उतरवलेलाच नसतो. म्हणजे माझ्या तक्रारीचा निम्मा भाग आपल्याच क्लबांकडे जातो. निकाल जाहीर होतात त्याच संध्याकाळी मूळ एक्सेल फाइल, दोन्ही नावे, गाडीचा वर्ग, ओडो-चेकचे अंतर आणि प्रत्येक टीसीचे अंतर यांसह पाठवली, तर ती छापायला जागा काढू असे त्यांनी कबूल केले आहे. आमच्या क्लबच्या पुढच्या रॅलीची फाइल तयार करण्याचे काम मी माझ्याकडे मागून घेतले आहे.