पंखा सहा इंची, खरं काम पायपाचं

आमच्या मंगळवार पेठेतल्या बाथरूमचा एक्झॉस्ट फॅन आधीच्या मिस्त्रीनं पीओपीच्या वरच सोडला होता. वाफ तिथंच कोंडायची. दोन पावसाळ्यांत छत काळं पडलं. आता आलेल्या पोरानं भिंतीला आरपार भोक पाडून ६ इंची पीव्हीसी पाइप बसवला, तोही बाहेरच्या बाजूला जरा उतरता. म्हटलं, "वाकडा बसलाय की रं!" तर म्हणाला, "काकू, पायपात वाफेचं पाणी होतंय, ते बाहेर पडाय पायजे." पटलं. बाहेर फॅन बंद झाला की मिटणारी झडप, कडेनं सिलिकॉन. दाराखाली बोटभर फटही ठेवायला लावली. आत हवा आल्याशिवाय बाहेर जाणार काय, कपाळ! आवाज थोडा आहे, आणि भिंतीचा रंग आमच्याच गळ्यात पडला. पण आरसा आता आंघोळ झाल्या झाल्या दिसतोय.