विमानातलं गरम सँडविच : आठ महिने आणि एकोणीस नाश्त्यांनंतर

गेले आठ महिने कामासाठी महिन्यातून दोन-तीनदा पहाटेचं विमान पकडावं लागतंय. घरातून निघताना घशाखाली काही उतरत नाही आणि विमान वर गेलं की पोटात कावळे ओरडायला लागतात, अशी ती अडनिडी वेळ. म्हणून तिकिटासोबतच गरम ब्रेकफास्ट सँडविच नोंदवून ठेवायची सवय लागली. आतापर्यंत एकोणीस झाली. (नोंदणीचे ईमेल मोजले, म्हणून आकडा पक्का.) पहिलं खाल्लं त्याच दिवशी ‘पैसे पाण्यात’ असं लिहून मोकळी होणार होते. बरं झालं लिहिलं नाही. सँडविचमध्ये खोट आहेच, पण निम्मी चूक माझी होती.

आधी वस्तू काय आहे ते सांगते. हाताच्या पंजात मावेल असा गोल बन, आत अंड्याची चौकोनी चपटी वडी, त्यावर चीजचा एक काप. दुसऱ्या प्रकारात अंड्याखाली मशरूम-पालकाचा थर असतो. तिसरा प्रकार क्रोसाँचा, म्हणजे पापुद्र्यांच्या पावाचा, त्याच्याबद्दल पुढे. सगळं फॉइलचं अस्तर असलेल्या कागदात गुंडाळून येतं.

पहिल्या खेपेला सीट सत्ताविसाव्या रांगेत होती. सँडविच हातात आलं तेव्हा कोमट होतं. चहाची ट्रॉली पाठोपाठ येणार होती, म्हणून शहाणपणा करून मी ते पुन्हा घट्ट गुंडाळलं आणि चहाची वाट बघत बसले. दहा-बारा मिनिटांनी कागद उघडला. आतल्या बाजूला पाण्याचे थेंब, बनचं बूड ओलं गिच्च, वरचा भाग मात्र चिवट. दातात धरून ओढल्याशिवाय तुकडा सुटेना. निम्मं चीज कागदालाच चिकटलेलं. अंड्याच्या कडेला हिरवट-करडी रेघ. ती बघून मी ते शिळं ठरवलं आणि ठेवून दिलं. तसं ते नव्हतं. अंडं जास्त वेळ तापलं की पांढऱ्यातलं गंधक आणि बलकातलं लोह एकत्र येऊन तो रंग धरतो. खायला त्यात काही वावगं नाही. दिसायला मात्र वाईटच, आणि एकोणीसपैकी बहुतेकांत ती रेघ होती.

पुढची तीनही मागेच बसून, चहाची वाट बघत खाल्ली आणि दर वेळी तितकीच वैतागले. पाचव्या वेळी सहावी रांग मिळाली. ट्रॉली निघाली आणि लगेच माझ्यापाशी. भूक इतकी लागली होती की चहाबिहा सुचलाच नाही, कागद फाडून सरळ तोंड घातलं. बन मऊ. चीज वितळून अंड्यावर पसरलेलं. हेच का ते सँडविच, असं खरंच वाटलं.

मग जरा शोधाशोध केली. पाव वाळला की शिळा होतो अशी आपली समजूत असते, पण ते अर्धंच खरं. पावातला स्टार्च भाजताना पाणी पिऊन सैल होतो आणि थंड झाला की हळूहळू पुन्हा आवळत जातो. हे आवळणं फ्रीजच्या तापमानाला सगळ्यात जोरात चालतं. विमानातलं अन्न जमिनीवरच्या किचनमध्ये शिजतं, झटपट पाच अंशांच्या खाली थंड केलं जातं आणि तसंच गार ठेवून विमानात चढवलं जातं. म्हणजे पावाला जी मानवत नाही नेमकी तीच हवा. साधारण साठ अंशांच्या वर पुन्हा तापवला की तो परत मऊ होतो, पण निवायला लागला की आधीपेक्षा लवकर ताठरतो. विमानात पाव मऊ असतो तो ओव्हनमधून निघाल्यावर थोडाच वेळ. मी घड्याळ लावून बघितलं : माझ्या हातात आल्यापासून सहा-सात मिनिटं. त्यानंतर चामडं.

म्हणजे या सँडविचला गुण द्यायचे तर आधी सीटचा नंबर विचारायला हवा. माझ्या विमानांत ट्रॉली पुढून मागे जाते. सहाव्या रांगेत मशरूमवालं मिळालं तर पाचपैकी साडेतीन. सत्ताविसाव्या रांगेत त्याच सँडविचला दोन. कंपनीने दोन्ही टोकांनी ट्रॉल्या सोडल्या तर हा फरक पुष्कळ कमी होईल. मी दोनदा लिहून कळवलं, दोन्ही वेळा ‘आपला अभिप्राय मोलाचा आहे’ असं उत्तर आलं.

कुरकुरीतपणाची आशा मात्र कुठल्याच रांगेत धरू नये. गॅलीतल्या, म्हणजे विमानातल्या छोट्या स्वयंपाकघरातल्या, ओव्हनमध्ये पंख्याने गरम हवा फिरते, पण सँडविच कागदात बंद असतं आणि आतल्या वाफेतच तापतं. पाव खमंग, तांबूस व्हायला त्याचा पृष्ठभाग १४० अंशांच्या आसपास जावा लागतो. ओला पृष्ठभाग पाण्याच्या उकळबिंदूच्या पुढे जात नाही, आणि केबिनमधला दाब जास्तीत जास्त ८,००० फूट उंचीवरच्या इतका उतरू देतात, तिथे पाणी ९२ अंशांच्या सुमारासच उकळतं. क्रोसाँचा प्रकार म्हणूनच फसलाय. त्याची सगळी मजा पापुद्र्यात, आणि वाफेत पापुद्रा टिकत नाही. दोनदा घेतला. ओल्या वर्तमानपत्राची घडी उलगडत खावी तसं झालं. तिसऱ्यांदा नाही.

चवीचं सांगायचं तर साधं अंडं-चीज मला फिकं लागायचं. दर वेळी मीठ-मिरीची पुडी मागून घ्यायचे. एकदा अर्धं सँडविच तसंच राहिलं आणि उतरल्यावर पट्ट्यापाशी बॅगेची वाट बघत खाल्लं, तर चक्क खारट! वर ज्याला मीठ कमी म्हणून नावं ठेवली तेच, तासाभरापूर्वीचं. याचा अभ्यास झालेला आहे. जर्मनीतल्या फ्राउनहोफर संस्थेने २०१० मध्ये लुफ्तान्झा या विमान कंपनीसाठी जमिनीवरच कमी दाबाच्या कक्षात विमानाचा तुकडा ठेवून लोकांना जेवू घातलं, तेव्हा मिठाची चव २० ते ३० टक्के आणि साखरेची १५ ते २० टक्के कमी जाणवत होती. कोरड्या हवेत नाक सुकतं, वास मरतो, ते वेगळंच. आणि आवाज! २०१५ मध्ये कॉर्नेल विद्यापीठातल्या प्रयोगात ८५ डेसिबलच्या, म्हणजे केबिनइतक्या गोंगाटात, गोड चव दबली, पण उमामी उलट वाढली. उमामी म्हणजे टोमॅटो, मशरूम, मुरलेलं चीज यांत असते ती भरीव चव. मशरूमवालं सँडविच वर जास्त चांगलं का लागतं, हे मला तेव्हा कळलं. आता मी तेच घेते आणि मिठाची पुडी उघडतही नाही.

या नादात एक गंमत वाचली, ती सांगितल्याशिवाय राहवत नाही. विमानात दिलं गेलेलं पहिलं जेवण म्हणून ११ ऑक्टोबर १९१९ ची लंडन-पॅरिस फेरी सांगतात. तेव्हाही डब्यात होतं ते सँडविचच, थंड. पुढे १९५८ मध्ये अटलांटिकपार इकॉनॉमी वर्ग सुरू झाला तेव्हा कंपन्यांनी आपसांत ठरवलं की स्वस्त तिकीटवाल्यांना फक्त साधं, थंड आणि कमी खर्चाचं सँडविच द्यायचं. स्कँडिनेव्हियन एअरलाइन्सने पावाच्या एका कापावर इतकं काय काय रचून द्यायला सुरुवात केली की पॅन अ‍ॅम या अमेरिकन कंपनीने तक्रार ठोकली, आणि आयाटाने, म्हणजे विमान कंपन्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने, स्कँडिनेव्हियनला २०,००० डॉलरचा दंड केला. सँडविचवरून! म्हणजे माझ्या हातातला हा चिवट, पण गरम बन त्या वर्षी सरळ नियमबाह्य ठरला असता. हे वाचल्यापासून पहिल्या घासाला मी उगाचच जरा खूश असते.

तक्रारी अजून दोन आहेत. अकराव्या खेपेला चीजने टाळू भाजली आणि पुढच्याच घासाला अंडं मधे बर्फासारखं गार. खाल्लं नाही, दाखवलं. क्रूमधली मुलगी कागद उघडून बघत म्हणाली, “मॅडम, आज एक ओव्हन नीट तापतच नाहीये, हे नका खाऊ,” आणि दुसरं आणून दिलं. तिच्याबद्दल तक्रार नाही. पण असं अर्धवट तापलेलं अंडं कोणी झोपेत खाऊनही टाकेल, म्हणून मी आता आधी मधोमध मोडून बघते. दुसरी तक्रार पैशांची. एकदा वर हवा खराब होती, विमान उतरेपर्यंत सीटबेल्टचा दिवा विझलाच नाही, त्यामुळे गरम काही वाटता आलं नाही. ते योग्यच, त्या हलण्यात तापलेले ट्रे बाहेर काढायचे नसतातच. बिस्किटाचा पुडा मिळाला. पण आगाऊ भरलेले पैसे परत मिळायला सात आठवडे आणि पाच ईमेल लागले.

पाचव्या महिन्यापासून काही फेऱ्यांना फॉइलच्या जागी भोकं पाडलेला पुठ्ठ्याचा डबा येतो. वाफ निघून जाते, त्यामुळे बूड ओलं होत नाही. पण बनच्या कडा कडक होतात आणि निवतोही लवकर. पुढे बसलं तर डबा बरा. मागे बसणाऱ्यांचं मला माहीत आहे, त्यांनी फॉइलच मागावं.

चहाची वाट बघणं मी सोडून दिलंय. ९२ अंशांच्या पाण्यात तो तसाही नीट उतरत नाही. मागच्या फेरीला शेजारच्या गृहस्थांनी पहिल्यांदाच सँडविच घेतलं होतं. माझं अर्धं संपलेलं बघून विचारलं, “कसं असतं हे?” म्हटलं, “चांगलं असतं, पण आत्ता लगेच खा.” “हो, हो, कॉफी येऊ दे,” म्हणाले, आणि कागदाची कड नीट दुमडून त्यांनी ते समोरच्या टेबलावर ठेवलं.