स्टिअरिंगचं निमित्त करून गाडी विकायला लावली

बेळगाव, खानापूर, निपाणी, चंदगड या पट्ट्यात ज्यांच्याकडे जुनी गाडी आहे त्यांच्यासाठी हे लिहितोय. ज्यानं बिघाड शोधला तोच जर गिऱ्हाईकही घेऊन आला, तर व्यवहार तिथंच थांबवा आणि गाडी दुसऱ्या गॅरेजात दाखवा.

आमची 2013 ची छोटी पेट्रोल गाडी. सकाळी स्टार्ट केली की स्टिअरिंग दगडासारखं जड व्हायचं आणि डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागायचा. बंद करून परत चालू केली की सगळं ठीक. शिवाय खड्ड्यातून जाताना पुढून खडखड. आमच्याकडचे रस्ते तुम्हाला माहीत आहेतच, त्यामुळे खडखडीचं फारसं कुणी मनावर घेत नाही.

ओळखीच्या गॅरेजवाल्यानं गाडी जॅकवर उचलली, पुढचं चाक दोन्ही बाजूंनी धरून हलवून दाखवलं. "बघा की काका, रॅकच गेलाय. वरची मोटर पण गेलीय. दोन्ही बदलायचं म्हटलं तर 55,000 तरी धरा. गाडीची किंमत काय, तुम्ही घालणार काय!" रॅक म्हणजे स्टिअरिंग फिरवलं की पुढची चाकं वळवणारा दांडा, आणि मोटर म्हणजे स्टिअरिंग हलकं करणारी. मी गप्प बसलो तसा तो म्हणाला, "उद्या चोर्ला घाटात काय झालं तर मला बोलू नका." आमची मुलगी गोव्यात असते, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

संध्याकाळी त्याचाच फोन. चंदगडकडचा एक माणूस आहे, आहे तशी गाडी घेतो म्हणतोय, 1,20,000 रोख. घरात बायको म्हणाली, जिवापेक्षा गाडी मोठी नाही. मालकी बदलायच्या फॉर्म 29 आणि 30 वर सह्या झाल्या, घेणाऱ्याचा रकाना कोराच. "नाव मी चढवून देतो," तो म्हणाला.

काही महिन्यांनी माझ्या मोबाईलवर महाराष्ट्र पोलिसांचं ई-चलन आलं, वेग जास्त म्हणून. फोटोत आमचीच गाडी, बेळगावची केए-22 चीच नंबरप्लेट. गॅरेजवाल्याच्या मागे लागून नव्या मालकाचा नंबर काढला आणि महाराष्ट्रातल्या शिनोळीला जाऊन त्याला भेटलो. पोरगा सज्जन. त्यानं 1,95,000 मोजले होते. स्टिअरिंगचं विचारलं तर त्यानं डिकीतून एक बिल काढलं, त्याच गॅरेजचं, गॅरेजवाल्याच्याच अक्षरातलं: बॅटरी 4,200, टाय-रॉड एंड (रॅकला चाकाशी जोडणारा सांधा) दोन 1,300, अलाइनमेंट 400, मजुरी 500. रॅकचं नाव नाही, मोटरचं नाव नाही.

नंतर बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका जाणकारानं समजावून सांगितलं. इलेक्ट्रिक पॉवर स्टिअरिंगची मोटर करंट भरपूर ओढते. बॅटरी थकलेली असेल किंवा अर्थची वायर गंजली असेल तर व्होल्टेज पडतं, कंट्रोल युनिट मोटर बंद करतं आणि दिवा लावतं. चांगली बॅटरी गाडी बंद असताना साधारण 12.6 व्होल्ट दाखवते, इंजिन चालू असताना 13.5 ते 14.5. साध्या मल्टिमीटरवर कळतं. दिव्याचं कारण स्कॅनर लावला की कोडमध्ये निघतं. तो कोड कागदावर मागून घ्या. चाकाचं म्हणाल तर डावी-उजवीकडची बाजू धरून हललं की बहुतेक वेळा टाय-रॉड एंड असतो, वर-खाली धरून हललं तर बॉल जॉइंट किंवा बेअरिंग. एकानं चाक हलवावं आणि दुसऱ्यानं टाय-रॉडच्या सांध्यावर बोट ठेवावं, ढिलेपणा बोटाला लागतो. म्हणून दुर्लक्षही करू नका, तो सांधा सुटला तर चाक स्टिअरिंगचं ऐकत नाही. रॅक खरोखर जातोच, नाही असं नाही. पण मला विचाराल तर अपघातात चासी वाकली असेल किंवा स्टिअरिंग बसतं तिथला पत्रा गंजून गेला असेल, तरच गाडी विकायचा विचार करावा.

पैशापेक्षा मोठा घोर कागदाचा. गाडी कर्नाटकातून महाराष्ट्रात गेली की बेळगाव आरटीओची फॉर्म 28 वरची एनओसी, म्हणजे ना-हरकत दाखला, लागते, तिकडचा टॅक्स भरावा लागतो. तो खर्च नको म्हणून सीमेवर कितीतरी गाड्या जुन्या मालकाच्या नावावरच फिरतात. आणि नवीनकुमार विरुद्ध विजयकुमार खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं 2018 मध्ये स्पष्ट केलंय की अपघात झाला तर नुकसानभरपाईला आरसीवर नाव असलेलाच मालक जबाबदार. मधे कितीही हात बदललेले असोत! 1 एप्रिल 2023 पासून जुन्या गाड्यांच्या डीलरला आरटीओचं अधिकृत प्रमाणपत्र लागतं, आणि गाडी त्याच्या ताब्यात दिल्याची ऑनलाइन नोंद फॉर्म 29सी वर होते. आमच्या माणसाकडे यातलं काहीच नव्हतं.

एनओसीसाठी त्या पोराबरोबर मीच आरटीओत उभा राहिलो. आता गाडी त्याच्या नावावर आहे. गॅरेजवाल्याला बिल दाखवलं तर म्हणाला, "काका, तुम्ही खुशीनं दिली, मी काय हिसकावून घेतली काय?" वकिलानं पहिलाच प्रश्न विचारला, रॅक गेलाय असं त्यानं लिहून दिलं होतं का? लिहून काहीच नव्हतं.